हळद लागलेली बाहुली

खोक्यातून निघाली तेव्हा तिला डोळे नव्हते. केसही नव्हते. गुळगुळीत टाळकं आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. मऊ कागदात पाय पोटाशी घेऊन ती पडली होती. सरळ केली असती तर माझ्या पंजाएवढी भरली असती, त्याहून मोठी नाही.

"अगं बाई! हे काय गं आणलंस?" हातातली केरसुणी तशीच धरून मी उभी राहिले. "आज गौर यायची घरात, आणि हे आंधळं, टकलं ध्यान कुठनं उचलून आणलंस?"

"शालनआजी, अशाच येतात त्या," ऋजुता म्हणाली. "डोळे वेगळे असतात, केस वेगळे असतात. आपण आपल्या आवडीचे बसवायचे. कोरियातनं आलीय ही, किती महिने वाट बघत होतो आम्ही."

"कोरियातनं? आणि डोळे काय तिथंच विसरल्या?"

खुर्चीतून अक्का खुदकन हसल्या. पदराखालचे हात मात्र बाहेर काढले नाहीत. "दे इकडं ऋजू. माझ्या मांडीवर ठेव तिला," म्हणाल्या.

ऋजुता म्हणजे अक्कांची नात, हैदराबादला कॉलेजात शिकणारी. गौरी-गणपतीला कोल्हापूरला आली होती, आणि जाताना आजी-आजोबांना घेऊनच जाणार होती. कायमचं. अक्कांच्या मुलानं तिथं तळमजल्यावरचं घर बघितलं होतं, सांध्यांचा मोठा डॉक्टर शोधला होता. माझे मोठे दीर, म्हणजे अक्कांचे मालक, तयार झाले. अक्का हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची गाडी होती.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव रत्नप्रभा. मी लग्न होऊन या घरात आले ती उन्हाळ्यात, आणि पहिल्याच गौरीला त्यांनी मला उंबऱ्यातून ओढून अंगणात नेलं. "धर हात," म्हणाल्या. मी म्हटलं, मला फुगडी येत नाही. "येत न्हाई म्हणजे? मागं रेलायचं आणि मला सोडायचं न्हाई. एवढंच असतंय." पायाच्या अंगठ्यांना अंगठे भिडवले, हातांचा तिढा घातला, आणि मला अशी काही फिरवली की घर, तुळस, सासूबाई सगळं एकात एक मिसळून गेलं. थांबलो तेव्हा मी हसत होते की रडत होते ते आजही सांगता यायचं नाही.

तेव्हापासून आम्ही जोडी. पेठेतलं आमचं मंडळ, झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा, इथं जा, तिथं जा. आमची फुगडी सुरू झाली की बायका झिम्मा सोडून बघायला यायच्या. खोटं नाही सांगत. लोक म्हणायचे, ह्या जावा आहेत की बहिणी? जावाच हो. घरात मी त्यांना "अक्का, तुम्ही" म्हणायची, तोंड वर करून बोलायची नाही. फुगडीत मात्र मोकळं रान. तिथं त्या माझ्या "रत्ने" आणि मी त्यांची "शाले". "रत्ने, दमलीस काय गं म्हातारे!" असं मी भर स्पर्धेत ओरडलेय, आणि सासूबाई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. फुगडी सुटली की परत "अक्का, चहा टाकू काय?"

मग संधिवात आला. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. बोटं एका बाजूला कलंडली. अक्का वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांना जिना होईना, म्हणून आम्ही वर गेलो आणि त्या खाली आल्या. फुगडी थांबली ते ठीकच. पण अक्कांनी हातच लपवले. कुणी आलं की हात पदराखाली. वाण दिलं तर "ठेव तिथं" म्हणायच्या. मीसुद्धा कितीतरी दिवसांत त्यांचे हात हातात घेतले नव्हते. जिन्यावरून उतरवतानासुद्धा दंड धरायची, कारण हात मिळायचाच नाही.

मंडळातल्या बायका मला दुसरी जोडीदारीण देत होत्या. चांगली तरणीताठी पोरगी. मी म्हटलं, माझे पाय दुखतात. पायांना काय धाड भरली होती माझ्या! पण दुसरीचे हात धरायचे म्हटलं की अंगावर काटा यायचा.

आणि अशात ही बाहुल्यांची भानगड.

पहिली मे महिन्यात आली होती. ऋजुता स्वतःची दाखवायला म्हणून घेऊन आली, अक्कांनी हातात घेतली आणि परत दिलीच नाही. तिचे सांधे म्हणजे बारीक बारीक गोळ्या. मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोटे, प्रत्येक ठिकाणी एक गोळी, आणि आतून पोकळ अंगातनं इलॅस्टिकची दोरी. जसं वळवाल तसं वळायचं आणि तिथंच राहायचं. अक्कांची बोटं तिला धड वळवू शकायची नाहीत, मग त्या भाऊजींना कामाला लावायच्या. "तिला जरा उकिडवी बसवा की." "आता एक पाय पुढं घ्या." भाऊजी पेपर बाजूला ठेवून चष्मा चढवायचे आणि बायकोच्या बाहुलीला उकिडवी बसवायचे. त्यांची त्यांनाच गंमत वाटत असावी, पण बोलायचे नाहीत. मी तिला ठकी म्हणायची.

मला राग यायचा. खरं सांगते, त्या ठकीचा राग यायचा. अक्कांशी बोलायला खाली यावं तर त्यांचं लक्ष त्या टेबलावरच्या चिमुरडीकडं. आणि आता ही दुसरी. जाता जाता दुसरी कशाला? माणसं सोडून चाललात आणि बाहुल्या जमवताय?

"ऋजू, मला खरं सांग," मी केर गोळा करता करता विचारलं, "ह्या घेऊन माणसानं करायचं काय?"

"काही करायचं नसतं, शालनआजी. जवळ ठेवायच्या. कपडे शिवायचे, बसवायचं, नटवायचं, बघायचं."

"म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखंच की."

"तसंच म्हण."

"बाळकृष्णाला मागितलं तर तो देतो तरी."

"ही पण देते," अक्का मध्येच म्हणाल्या. "तिचे गुडघे बघ शालन. माझे गुडघे कधी असे होते ते मला आठवतंय हिच्यामुळं. ठकी मांडी घालती. मी शेवटची मांडी कधी घातली, सांग बघू?"

मी केराची सुपली उचलून आत गेले, पण ओट्याशी पोचेपर्यंत राहवलं नाही, परत दारात आले.

"अक्का, मग एक करूया. जायच्या आधी एक फुगडी. गिरकी नको. निम्मी. नुसते हात धरून उभं राहू."

अक्कांचा चेहरा एकदम मिटला. "खुळी काय तू? मनगटं निघून तुझ्या हातात येतील."

"मी हळू धरते की."

"तेच नको मला," त्या म्हणाल्या, आणि मान वळवून नव्या बाहुलीच्या रिकाम्या डोळ्यांकडं बघत बसल्या.

मला तेव्हा कळलं नाही काय नको ते. मला वाटलं, मीच नको.

संध्याकाळी गौर आली. पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं घेऊन पोरी गाणी म्हणत गल्लीत शिरल्या. मी उंबऱ्यात पायांवर दूध-पाणी घातलं, हळदी-कुंकवाची पावलं काढत काढत गौर आत आणली. "गौर आली, कशाच्या पायांनी आली?" "सोन्यामोत्यांच्या पायांनी आली." माजघरातून देवघरात, देवघरातून धान्याच्या कोठीपाशी. अक्का खुर्चीत बसून विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते, कारण दरवर्षी असंच होतं. यंदाचं शेवटचं, हे दोघींना माहीत होतं, म्हणून दोघी जरा मोठ्यानंच बोलत होतो.

गौरीला बसवली. शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य दाखवला. करंडा हातात घेऊन घरातल्या बायकांना हळदी-कुंकू लावत सुटले. अक्कांना लावलं, ऋजुताला लावलं, शेजारच्या आलेल्या दोघी-तिघींना लावलं. वळले तर टेबलावर ती. नवी. टकली, बिनडोळ्याची, दिव्याच्या उजेडात पाय पसरून बसलेली.

काय वाटलं देव जाणे. सकाळभर तिला नावं ठेवली होती. पण गौरीच्या दिवशी दारातून जी आत आली तिला कोऱ्या कपाळानं कशी ठेवायची? आमच्या घरात तसली रीत नाही. मी बोटावर हळद घेतली आणि तिच्या कपाळावर टेकवली. चांगली ओली हळद. मग कुंकू. "ये बाई, तू पण ये," म्हटलं.

"शालनआजी!"

ऋजुता अशी किंचाळली की मला वाटलं साडीला दिवा लागला. तिनं बाहुली उचलली, ओढणीनं कपाळ पुसलं. कुंकू निघालं. हळद पसरली. मग ती नळाकडं धावली, साबण, ओलं फडकं, दात घासायचा ब्रश, काय मिळेल त्यानं चोळत बसली. कपाळावर टिकलीएवढा पिवळा डाग तो डागच.

"हे रेझिन आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. "यात रंग मुरतो. हळद तर कधीच निघत नाही. डाग पडलेली बाहुली कुणी हातातसुद्धा घेत नाही! महिनेच्या महिने वाट बघितली आम्ही हिची. आजीनं तर..." आणि तिनं जीभ चावली.

"आजीनं काय?"

"काही नाही. बारीक पॉलिशपेपरनं घासून बघते."

मी तिथंच करंडा घेऊन उभी. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी. आणि मला एवढंच वाटत होतं की धरणीनं पोटात घ्यावं. आख्ख्या जन्मात मी लावलेल्या हळदीला कुणी डाग म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात अक्का हसल्या. खुदकन नाही, चांगल्या खो खो हसल्या. किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! अंगणात गिरकी सुटल्यावर त्या असंच हसायच्या.

"घासू नको गं," त्या म्हणाल्या. "राहू दे. शालनचं बोट आहे ते. आता ही कोल्हापूरची झाली, कोरियावाले आले तरी परत न्हाई मागायचे. आण इकडं."

ऋजुतानं नाइलाजानं तिला अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी पदराखालून एक हात बाहेर काढला आणि वाकड्या बोटाच्या पेरानं तो पिवळा ठिपका हळूच चाचपला. सगळ्यांसमोर. मग लक्षात आलं तसा हात परत आत घेतला.

मी मात्र रुसले. वयाला शोभत नव्हतं, पण रुसले. दुसऱ्या दिवशी गौरीला न्यायला शंकरोबा आला, पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, सगळं केलं, पण खाली गेले की कामापुरतं बोलायची. ऋजुता "सॉरी शालनआजी" म्हणत मागं मागं फिरली, तिच्यावर राग नव्हताच. राग होता तो उद्या-परवावर. खालच्या खोल्यांत बॅगा भरल्या जात होत्या आणि बॅगांवर ती दोन ध्यानं, एक केसवाली आणि एक टकली, शेजारी शेजारी बसली होती. माणसाला जागा नाही, पण ह्यांना आहे.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी सगळे गौरी-गणपती घेऊन घाटावर गेले. अक्का जाऊ शकत नव्हत्या. मी मुद्दामच गेले नाही. वर बसून गॅलरीतनं ढोलांचा आवाज ऐकत होते.

"शालन!" खालून हाक आली. "शालन, खाली ये की जरा. मला हात पाहिजेत."

तशा हाकेला कोण थांबेल? मी धडधडत जिना उतरले. मला वाटलं पडल्याबिडल्या. बघते तर खुर्चीत व्यवस्थित बसलेल्या, पुढ्यात टेबल, टेबलावर दोघी बाहुल्या उताण्या.

"ह्यांना फुगडी घालायचीय," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"बहिरी झालीस काय? फुगडी. माझ्या बोटांनी जमत न्हाई, आणि ऋजूच्या आजोबांना फुगडीतलं काय कळतंय? म्हणून सगळे जायची वाट बघत बसले. बस तिथं."

मी स्टूल ओढून बसले. रुसवा तेवढ्यात कुठं गेला कुणास ठाऊक. ठकीला उचललं, पाय सरळ केले. टकलीलाही सरळ केली. समोरासमोर उभ्या करून अंगठ्यांना अंगठे भिडवले. हातांचा तिढा घातला, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पण त्यांची बोटं मिटलेली, धरणार कशानं? मी इकडंतिकडं बघितलं. गौरीपुढचा हळदीचा दोरा आम्ही सकाळीच काढून घेतला होता, माझ्या मनगटावर होता. त्यातला एक पदर दातानं तोडला आणि चिमण्या मनगटांना बांधला.

सोडलं की दोघी बदकन पडल्या.

परत उभ्या केल्या. परत पडल्या. परत. कधी ठकी आडवी, कधी टकली पालथी.

"न्हाई राहत अक्का. तारेचा स्टँड असतोय म्हणे ऋजूकडं. तो लावूया."

"तार नको. फुगडीत तार असती काय?" अक्का पुढं वाकून बघत होत्या. "तुझी बघ कशी अवघडून उभी आहे. तिला मागं रेलू दे."

"माझी? माझी कुठली?"

"हळदीची. दुसरी कुठली?" त्या सहज म्हणाल्या. "तुझ्यासाठीच मागवली होती. एक माझ्याबरोबर येईल, एक तुझ्यापाशी राहील. ठरलं होतं आमचं. ऋजू परवा बोलून बसणार होती, बरं आवरलं पोरीनं."

मी त्या पिवळ्या कपाळाकडं बघत राहिले. दोन दिवस जिच्यावर जळत होते ती माझीच निघाली.

"रेलू दे तिला," अक्का परत म्हणाल्या.

"पडंल की."

"पडू दे. माझी धरील तिला."

मी हळदीच्या बाहुलीला मागं कलती केली. थोडीशीच. सोडायला भीती वाटत होती. अक्का बघत होत्या, आणि मग एकदम म्हणाल्या,

"तू पण असंच केलंस. शेवटच्या साली."

"मी काय केलं?"

"गौरीपुढं आपण धरली होती फुगडी, आठवतंय काय? भार टाकलाच न्हाईस माझ्यावर. सगळा आपल्या टाचांवर घेऊन फिरलीस. लहान पोराला फिरवत्यात तसं फिरवलंस मला."

"मग काय करायचं? मनगटं केवढी सुजली होती तुमची! दुखलं असतं तुम्हाला."

"दुखलं असतं. रोजच दुखतंय, शालन. तांब्या उचलला तरी दुखतंय, वेणी घातली तरी दुखतंय. त्यात फुगडीचं दुखलं असतं तर काय बिघडलं असतं? सगळे डॉक्टर सांगत होते आजार आहे, आजार आहे, मला काय पटत नव्हतं. तुझे हात हलके लागले, तेव्हा पटलं. तिथनं मी कुणाला हात दिला न्हाई."

बाहेर घाटाकडचे ढोल वाजत होते. मी मान खाली घालून त्या बाहुलीकडंच बघत होते. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. मग मी तिला मागं ढकलली, चांगली, हात ताणले जाईपर्यंत. ठकीलाही तशीच. दोऱ्याला ताण बसला. आतल्या इलॅस्टिकनं कोपरं सरळ धरली. मी बोटं अलगद काढून घेतली.

राहिल्या. दोघी राहिल्या उभ्या! माना मागं, अंगठ्याला अंगठा, दोघी पडायला आलेल्या आणि म्हणूनच उभ्या. एक केस मोकळे सोडून, दुसरी टकली, डोळ्यांविना, कपाळी हळद.

"अगंगंगं," अक्का म्हणाल्या. "बघ की गं, बघ की."

त्या बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत होते. तशाच, बाहुल्यांवरून नजर न काढता, त्यांनी पदर बाजूला केला आणि दोन्ही हात टेबलावरून माझ्यापुढं केले. बोटं कलंडलेली, पेरं फुगलेली, कातडी ताणून चकाकणारी.

"धर," म्हणाल्या. "हळू धरलंस तर बघ."

मी धरले. उजव्यात उजवा, डाव्यात डावा, टेबलावरून तिढा घालून. गरम होते ते हात. स्टुलावरून मी मागं रेलले. आधी थोडी, मग अक्कांनी डोळे वटारले तशी अजून. स्टुलाचे पुढचे पाय उचलले गेले. माझा सगळा भार, कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पोसलेला सगळा भार, त्या दोन मनगटांवर.

अक्कांच्या तोंडून "आई गं" निघालं.

"दुखतंय?"

"लई दुखतंय," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं, आणि हसत होत्या. "सोडू नकोस, शाले."

"न्हाई सोडत, रत्ने," मी म्हटलं.

घाटावरून माणसं परत येईपर्यंत आम्ही तशाच होतो की नाही, ते विचारू नका. मला तरी वाटतंय की होतो.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. निघताना अक्कांनी दोरा सोडायला लावला. ठकीला त्यांनी पर्समध्ये ठेवली, तिचे हात पुढं केलेले तसेच. हळदीची माझ्या हातावर दिली. "डोळे बसवीन म्हणाली ऋजू, पण मीच नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "फुगडीत कुठं दिसतंय काय?" मग भाऊजींनी घाई केली आणि रिक्षा वळणावरून गेली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझी बाहुली काचेच्या कपाटात आहे. घरी येणारी माणसं विचारतात, एवढीशी बाहुली, तीही डाग पडलेली, कशाला ठेवलीय? असल्या घ्याव्यात काय? मी सांगते, एकटी घेऊ नका. घ्यायच्या तर दोन घ्या आणि एक देऊन टाका. लोकांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय.

दर गौरीला हैदराबादहून फोन यायचा. बाकी काही बोलायच्या आधी अक्का विचारायच्या, "काय गं, तुझी उभी आहे काय?"

"न्हाई. तुमची?"

"न्हाई."

"बरं." मग दोघी हसायचो, आणि मग जेवणाखाण्याचं, पावसाचं, पोरांचं.

यंदा फोन ऋजुताचा आला. आजीला आता बोलता येत नाही, म्हणाली. ऐकू येतं, कळतं, पण शब्द निघत नाही. ठकी उशाशी आहे. तिचे हात पुढं केलेले, ते कुणी हलवलेले आजीला चालत नाहीत. "फोन तिच्या कानाशी धरते, तू बोल," म्हणाली.

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. जेवणाखाण्याचं काय विचारणार? मी कपाट उघडलं, माझी बाहुली ओट्यावर उभी केली, अंगठे माझ्या तळहाताला भिडवले आणि तिचे दोन्ही हात माझ्या करंगळीत अडकवले. मग तिला मागं सोडली. करंगळीवर तिचा भार आला, अगदी थोडासा, पण आला.

"रत्ने," मी फोनमध्ये म्हटलं, "टाक भार. मी धरलंय."